तीन आण्यांचे एकोणीस

मोबाइल पैठण गेटलाच ठेवून या. कमानीखाली दगडात एखादी खाच सापडेल, तीत सारा, परतताना घ्या. त्यातल्या ‘तिसरी ब पालक’ गटावर सकाळपासून त्रेसष्ट निरोप पडलेत, ठाऊक आहे. उद्या पिवळा शर्ट घालून पाठवा, कुणाचीशी पाण्याची बाटली हरवलीय, आणि त्याखाली चाळीस जणांचे जोडलेले हात. राहू द्या. कमानीपलीकडे 1957 चा एप्रिल आहे आणि तिथे रेंज येत नाही.

तुमच्या तिकिटावर छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असेल, पण टांगेवाला ‘औरंगाबादेत नवीन दिसता’ असंच म्हणणार. हो म्हणा आणि पाय उचला. सात वाजत आलेत, उन्हाळ्याची सकाळची शाळा आहे.

आपण पोचलो हे आधी नाकाला कळतं. घोड्यांची लीद, ओल्या गवताचे भारे, गोवऱ्यांचा धूर, आणि या सगळ्यावर कडुनिंबाच्या फुलांचा गोडसर कडवट वास. भिंतींना हात लावून बघा, कालच्या उन्हाने अजून कोमट आहेत. गुलमंडीच्या दिशेने चालत राहा. सुपारी हनुमानापाशी कुणीतरी घंटा वाजवून घाईने पुढे जातं. एका दारावर पाडव्याची साखरेची गाठी लटकतेय, तिला मुंग्या लागल्यात. पाडवा नुकताच झाला, रमजान चालू आहे, आणि याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सरकारने नवा पैसा काढलाय. तिन्ही गोष्टी गावात बरोबरच आल्या. पहिल्या दोन गावाच्या अंगवळणी पडलेल्या. तिसरी अजून कुणाला पचलेली नाही.

शाळेचा पत्ता विचारू नका, कान द्या. दोन गल्ल्या अलीकडेच ती ऐकू येते. पन्नासेक पोरं एका दमात बेचा पाढा म्हणताहेत, आणि त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत दुसरी पन्नास पोरं ‘दो एकम दो, दो दूनी चार’ करताहेत. एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर मराठी, आतल्या खोलीत उर्दू. इकडे गुरुजी, तिकडे मौलवीसाहेब, मध्ये अर्धी भिंत. या गोंगाटात कोण काय शिकतं हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण दोन्हीकडची पोरं बेरीज दोन्ही भाषांत करतात, हेही लक्षात असू द्या.

मागच्या तरटपट्टीवर बसा. मांडी घालता येत नसेल तर गुडघे पोटाशी घ्या, सवय नाही तुम्हाला. डाव्या हाताच्या पोराने पाटीवर थुंकून कोपराने पुसली, तिकडे बघू नका. खोबरेल तेल, शाई, घाम आणि कुणाच्या तरी खिशातली कैरी, असा वर्गाचा वास आहे. गुरुजी धोतर-कोटात आहेत, कोटाची कोपरं खडूने पांढरी. टेबलावर छडी आहे. ती वापरली जाईल. तुम्ही दचकाल, वर्ग दचकणार नाही.

ओसरीच्या पलीकडे गल्लीत एक बाई बाजेवर कुरडया घालतेय. वर्गातलं कुणीतरी सात साती पन्नास म्हणतं आणि गुरुजींनी तोंड उघडायच्या आत बाहेरून आवाज येतो, “एकोणपन्नास रे मेल्या!” वर्ग हसतो. गुरुजीही हसतात. ती त्या पोराची आई नाहीच, शेजारीण आहे. पण दुपारपर्यंत ही बातमी आईकडे पोचलेली असेल, आणि संध्याकाळी त्या पोराला तीन वेगवेगळ्या बायका रस्त्यात अडवून सात साती विचारतील. वर्गातल्या घडामोडी पालकांना कळवाव्यात म्हणून इथे वेगळं काही करावं लागत नाही. त्या कळू नयेत म्हणून मात्र पोरांना फार कष्ट घ्यावे लागतात.

आता फळ्याकडे बघा. गुरुजींनी लिहिलंय: एक आणा 6, दोन आणे 12, तीन आणे 19, चार आणे 25. परवापर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे. आता रुपयाचे शंभर नवे पैसे. घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून अजून निजामाचा हाली सिक्का गेला नाही, कळदार रुपयाची आता कुठे सवय होत होती, आणि तोवर हे. गुरुजी कोटाच्या खिशातून एक नाणं काढतात आणि पहिल्या रांगेत देतात. ते हातोहात तुमच्यापर्यंत येतं. तांब्याच्या रंगाचं, टिकलीहून थोडं मोठं, पन्नास पोरांच्या मुठीत तापलेलं. एकाने ते चावून पाहिलंय, दाताचा ओलावा अजून आहे. त्यावर बारीक अक्षरांत कोरलंय, ‘रुपये का सौवाँ भाग’. नाणं जातंय म्हणून गुरुजींचा डोळा त्याच्यावरून हलत नाही. पगारातल्या रुपयाचा शंभरावा भाग का असेना, परत आला पाहिजे.

“गुरुजी,” एक काडीसारखं पोरगं उठतं, “एकाचे सहा, दोनाचे बारा, मग तीनाचे अठरा पाहिजेत की. एकोणीस कामून?”

चांगला प्रश्न आहे. तुम्हालाही पडला होता, कबूल करा. गुरुजींचा चेहरा उजळतो, ते खडू उचलतात आणि नेमकं त्याच वेळी अर्ध्या भिंतीपलीकडे मौलवीसाहेबांची जमात तेराचा पहाडा सुरू करते. गुरुजींचे ओठ हलताना दिसतात, फळ्यावर काहीतरी उभं-आडवं होतं, पुढची रांग माना डोलावते. तुमच्यापर्यंत त्यातलं अक्षर पोचत नाही. तुमच्या उजव्या हाताला बसलेल्या पोरापर्यंतही नाही, कारण तो मुंगळ्याला खडूच्या रेघेवरून चालवण्यात गुंतलाय. या पोराला नीट बघून ठेवा. आजचा दिवस त्याच्या मागे काढायचा आहे.

गुरुजींनीही त्याला बघितलंय. छडी उचलली जात नाही, त्याहून वाईट होतं. गुरुजी दौत पुढे ओढतात, निजामी अमदानीतल्या एका उर्दू फॉर्मची कोरी मागची बाजू घेतात, चार बोटं रुंदीचा तुकडा फाडतात आणि बोरू बुडवतात. वर्ग श्वास रोखतो. चिठ्ठी!

मान लांब केलीत तर वाचता येईल. ‘चिरंजीवांची पावकी, निमकी चांगली आहे. नव्या पैशाच्या हिशेबात लक्ष नाही. परीक्षा जवळ आली. सवडीने भेटावे.’ वर वाळू टाकून शाई टिपतात, घडी घालतात आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातात देतात. ही पद्धत मला आजही थोर वाटते. चोराच्याच हाती चौकीवर निरोप धाडायचा आणि तो पोचेल याची खात्री बाळगायची. खात्रीचं कारण साधं आहे: नाही पोचला तर संध्याकाळी गुरुजी स्वतः पोचतात.

अकराला रुळाचा लोखंडी तुकडा बडवला जातो आणि वाडा पोरं ओकतो. ऊन आता फरशीवर नाचतंय. तुमचा निरोप्या अनवाणी आहे, म्हणून तो सावलीकडून सावलीकडे उड्या मारत जातो, छपराखालून झाडाखाली, झाडाखालून उभ्या टांग्याखाली. तुम्हीही तसंच करा, बुटातून तापतंय. मछली खडकाच्या तोंडाशी टोपलीवाली बसलीय, कैरीच्या फोडी, वर तिखट-मीठ. फोड ठेवायला पोराकडे काही नाही. आहे, चिठ्ठी आहे! घडी उलगडून त्यावर तो चार फोडी घेतो, एक तुम्हालाही देतो. खा. दात आंबतात, डोळ्यांत पाणी येतं, मीठ ओठांना झोंबतं. आणि कागदावर कैरीचं पाणी पसरत पसरत घरगुती शाईच्या एका शब्दापर्यंत येतं. तो शब्द निळ्या डागात विरघळून जातो. पोरगं कागद झटकतं, पुन्हा घडी घालतं. मुद्दाम केलं नाही त्याने. मी तरी तसंच धरून चालतो.

घर दुकानाच्या मागे आहे. आत काळोख आणि गारवा, शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास, माठाशी ओलं फडकं. वडील गल्ल्यावरून उठून आत येतात, चिठ्ठी घेतात, लांब धरतात, जवळ धरतात. शाळेत ते उर्दूतून शिकले, दुकानाचा जमाखर्च मोडीत लिहितात. बाळबोध वळणाची अक्षरं त्यांना एकेक ओळखून जोडावी लागतात. “माय,” ते हाक मारतात, “हे बघ बरं जरा.”

आजी पोथी वाचते, म्हणून तिला बाळबोध येतं. मात्र तिला वाचता येतं ते पोथीच्याच चालीत. ती चष्म्याची दोरी कानामागे अडकवते, चिठ्ठी कपाळाला लावते आणि सुरू करते. चिरंजीवांची पावकी निमकी हे तिने असं काही लांबवून, हेल देऊन म्हटलं की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावून हात जोडतं. पुढे येतं, “नव्या पैशाच्या हिशेबात लक्ष…” तिथे डाग आहे. आजी थांबत नाही, पोथीतही वाळवीने खाल्लेली जागा ती अशीच ओलांडते. “परीक्षा जवळ आली, सवडीने भेटावे.”

“बघ,” ती म्हणते, “लेकराचं हिशेबात लक्ष आहे.”

पोरगं जमिनीकडे बघतं. वडील पोराकडे बघतात. “लक्ष आहे तर भेटायला कशाला बोलावलंय?” याचं उत्तर कुणाकडे नाही. तुम्ही गप्प बसा, तुम्ही पाहुणे आहात. ताटात भाकरी, पिठलं आणि कांदा येईल. जेवा आणि त्या गार जमिनीवर आडवे व्हा. दुपारी या गावात कुत्रंही हलत नाही.

पाचला उठा. गुरुजी निघालेत.

गुरुजी आणि मौलवीसाहेब दोघं बरोबर निघतात, शहागंजकडे. मौलवीसाहेबांचा रोजा आहे, ओठ सुकलेत, चाल मात्र गुरुजींपेक्षा जलद. टांग्यांच्या अड्ड्यावर पहिला मुक्काम. घोड्यांच्या तोंडाला चंदीच्या पिशव्या, माश्या, लोखंडी धावांचा खणखणाट. इथून तिथून हाका येतात, “गुरुजी, आमचं कसं काय?” आणि गुरुजी भर रस्त्यात, सगळ्या अड्ड्याला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर देतात: तुमचा भागाकारात कच्चा आहे, तुमचा अक्षराला सोनं आहे पण मारामारी करतो, तुमचा चार दिवस दिसला नाही. चार दिवस न दिसलेल्याचा बाप तिथेच चाबूक शोधू लागतो. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. चारचौघांत लेकराची अशी झाडाझडती? खाजगी काही नावाची चीजच इथे नाही.

पण थांबा, एका माणसाशी गुरुजी आवाज खाली आणतात. खांद्यावर हात ठेवून त्याला घोड्याआड नेतात. तुम्ही जवळ आहात म्हणून ऐकू येतं. “त्याला फळा दिसत नाही. पुढं बसवलं मी, तरी दिसत नाही.”

“घरी तर सुई ओवून देतो मायला.”

“जवळचं दिसतं. लांबचं नाही.”

टांगेवाला घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहतो. चष्मा हा शब्द दोघांपैकी कुणीच उच्चारत नाही. चष्मा म्हणजे पैसे. “बघतो गुरुजी,” तो म्हणतो, आणि गुरुजी पुन्हा मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, “पोरगं हुशार आहे हो तुमचं!”

पाण्याच्या हौदापाशी एक बाई कडेवरचं पोर खाली उतरवते. जूनमध्ये शाळेत नाव घालायचंय. वय? “लई पाऊस झाला होता तवाचा.” गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरायला सांगतात. बोटं कानाला पोचतात. झालं सहा वर्षांचं! जन्मतारीख 1 जून. तुमच्या ऑफिसात 1 जूनला एकाच दिवशी पाच केक का कापावे लागायचे, ते आता कळलं असेल.

शहागंजच्या घड्याळामागच्या गल्लीत मौलवीसाहेबांचं काम आहे. तिथे आवाज बदलतो. खट्, खट्, खट्. हिमरूचा माग. कारागीर खड्ड्यात पाय सोडून बसलाय, समोर सुती ताण्यावर बदामाच्या आकाराची बुट्टी उमटत चाललीय. आणि मागावर, दोऱ्यांच्या जंजाळात, आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा बसलाय. नक्षीप्रमाणे कोणत्या फेकीला कोणते दोर ओढायचे हे त्याला पाठ आहे. बाप तोंडाने काहीतरी पुटपुटतो, पोरगं ओढतं, धोटा पळतो. त्याचे डोळे अर्धे मिटलेत, हात चुकत नाहीत. रंगाचा, सुताच्या धुळीचा वास घशात बसतो.

“जमात में सोता है,” मौलवीसाहेब म्हणतात.

“मारो उसको. हड्डी हमारी, चमडी आपकी.”

“मारने को नहीं आया मैं. रमजान में तो सबीच सोते. ये रमजान के पहले से सोता.”

खट्, खट्. “ईद का काम है, मौलवीसाब. जाला कौन खींचेगा?”

मौलवीसाहेब काही बोलत नाहीत. मुलगा वरून खाली बघतो, मास्तरांनी आपल्यासाठी काहीतरी मागितलंय एवढं त्याला कळलंय. “ईद के बाद देखते,” बाप म्हणतो. हो किंवा नाही यातलं ते काहीच नाही. ते घेऊन आपण बाहेर पडतो.

बाहेर शहागंज पेटलंय. तंदुरातून हळदीच्या रंगाचे भलेमोठे नान निघताहेत, खलियाच्या हंड्यांवरून मसाल्याची वाफ उठतेय, भजी तळली जाताहेत, आणि एवढ्या गर्दीत कुणीच काही खात नाहीये. सगळे थांबलेत. शेकडो माणसं, हातात खजूर, डोळे मिनारकडे. मग अजान होते आणि सगळं गाव एका क्षणात तोंड हलवू लागतं. मौलवीसाहेब पंचाच्या गाठीतून चार खजूर काढतात. एक गुरुजींना, एक तुम्हाला. चिकट, ऊबदार, त्यांच्या गाठीतल्या अत्तराचा वास लागलेला. खाऊन बी खिशात टाका आणि गुरुजींच्या मागून गुलमंडीला परत चला.

दुकानात कंदील लागलाय. “या गुरुजी, बसा,” वडील गादी झटकतात. पोरगं पोत्यामागे जातं. गुरुजी चिठ्ठीबद्दल एक शब्द काढत नाहीत, ना वडील काढत. पण तुम्ही वडिलांच्या गल्ल्याकडे बघा. एका वाटीत जुने आणे, दोन आणे, पैसे. दुसऱ्या वाटीत नवे पैसे, वेगळे ठेवलेले, हात न लावलेले. आठ दिवस झाले, हा माणूस नवं नाणं पुढे आलं की ‘सुट्टे नाहीत’ म्हणतोय. पोराच्या आधी बापाला हिशेब येत नाही, आणि गुरुजींना ते गूळ घ्यायला आले होते तेव्हाच कळलं असावं. सवडीने भेटावे, ते कुणाला म्हटलं होतं कोण जाणे.

“पोराला जरा विचारतो, शेठ,” गुरुजी म्हणतात. “तुम्ही आपले ऐका.” पोरगं पोत्यामागून बाहेर येतं, हात मागे बांधतं. एक आणा? सहा. दोन? बारा. तीन? ते छताकडे बघतं. वडीलही छताकडे बघतात. “एकोणीस,” गुरुजीच सांगतात. “म्हणा.” पोरगं म्हणतं. परवच्याची चाल लागते, समोरच्या माडीवर दिव्याशी बसलेली दोन पोरं तीच चाल उचलतात, आणि एका दमात गल्लीचा हा काठ आणि तो काठ आण्यांचे पैसे करू लागतात. वडिलांचे ओठ हलताहेत. बोटं मांडीवर आहेत.

नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक येतं. “तीन आण्याचा गूळ.” टपाल कचेरीत मोड मिळालीय म्हणून त्याच्याकडे सगळी नवी नाणी आहेत. तो फळीवर ती एकेक मांडतो, काठाला कंगोरे असलेलं दहाचं, चौकोनी पाचाचं, दोनाचं, आणि तांब्याचा एक. अठरा.

“एकोणीस होतात,” वडील म्हणतात. पहिल्यांदाच, आणि जरा जोरातच.

“कसे? दोन आण्यांचे बारा ना? मग एकाचे सहा. अठरा झाले. उगं लुबाडायलाय काय?”

वडील पोराकडे बघतात. पोरगं गुरुजींकडे. गुरुजी, देवाशपथ सांगतो, तुमच्याकडे बघतात. “सांगा की पाहुणे, सकाळी वर्गात होतात तुम्ही.” तुमचा हात आपसूक खिशात जातो. खिशात खजुराची बी आहे. मोबाइल पैठण गेटला.

आतल्या दारातून भाकरी थापल्याचा थप्-थप् आवाज येत होता, तो थांबतो.

“सहा त्रिक अठरा,” आजीचा आवाज येतो, पोथीच्याच चालीत. “आण्याचे सव्वासहा असतात रे, नुसते सहा नव्हे. तीन पाव पाऊण. अठरा न् पाऊण, पावणेएकोणीस. पाव पैसा कुठून मोडून आणणार तो? दोन आण्याला अर्धा सोडलाय न् सरकारनं, तीनाला पाव घेऊ दे. टाक एक.”

गिऱ्हाईक खिसा चाचपत एक नवा पैसा टाकतं. गुरुजी दाराकडे वळून बसतात. “आजी, तुम्ही कोणत्या शाळेत होतात?”

“शाळा कुठली,” आत पुन्हा थप्-थप् सुरू होतं. “भाऊ ओसरीवर परवचा म्हणायचे. मी इथंच तर होते, चुलीपाशी.”